धुरींचा ओव्हरलोडेड विभाग

रविवार, अकरा जानेवारी, सकाळी साडेदहा. चारकोप. आमच्या सोसायटीचं ऑफिस, म्हणजे मीटर रूमच्या शेजारची खोली. हजर: मी, सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्यावरचे नितीन पाटकर, तक्रारदार. कमिटी मेंबर शहाबेन, नुकतेच डोळ्यांत ड्रॉप घातल्यामुळे एका डोळ्याने हजर. आणि तळमजल्यावरचे मनोहर धुरी, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते. गैरहजर: चेअरमन, नेहमीप्रमाणे.

विषय एकच होता. लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डाचा अर्धा भाग धुरीकाका गेली नऊ वर्षं वापरत आहेत. डाव्या बाजूला माझ्या नोटिसा असतात: टाकी कधी धुणार, कचरा वेगळा कसा करावा, कुत्र्यांना जिन्यात खायला घालू नये. उजव्या बाजूला धुरीकाकांचा कागद असतो. त्यावर लाल आणि निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात, मुंबईतल्या कॉलेजांच्या मुलींच्या बास्केटबॉलचे चार विभाग क्रमाने लिहिलेले असतात. पहिला क्रमांक: जोगेश्वरी ते दहिसर. म्हणजे आमचा. नऊ वर्षांत खालचे तीन क्रमांक अनेकदा बदलले. पहिला कधीच नाही.

यंदा डिसेंबरात अंतिम स्पर्धा झाली. आमच्या विभागातून पाच संघ गेले. पाचही पहिल्याच सामन्यात हरले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवा कागद लागला. पहिला क्रमांक: जोगेश्वरी ते दहिसर.

मी पाटकरांची लेखी तक्रार मोठ्याने वाचली. "सदर फलकावर असत्य माहिती असून त्याखाली माझं नाव विनापरवानगी वापरलेलं आहे." धुरीकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून निळं पेन काढलं आणि छोट्या डायरीत एक रेघ मारली.

काय लिहिलंत, असं मी विचारलं.

"नितीनचा चौथा फाऊल," ते म्हणाले. "अजून एक, की बाहेर."

हे समजायला धुरीकाका समजायला हवेत.

ते कांदिवलीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट होते. बाटल्यांवरची लेबलं इतकी सुबक लिहायचे, की क्रीडाशिक्षकांनी एका मॅचला त्यांना ओढून नेलं आणि स्कोअरशीट लिहायला बसवलं. त्यांना तेव्हा बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. बॉल जाळीतून खाली पडला की फुकट जातो असं त्यांना वाटायचं, हे ते स्वतःच सांगतात. पण त्या दिवशी जे टेबलाशी बसले ते रिटायर झाल्यावरही उठलेले नाहीत. आमच्या विभागात मुलींची मॅच असली की शीट धुरींचीच.

शीट लिहिण्याचे नियम कडक असतात. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या. हा नियम काकांनी आयुष्याला लावून टाकला आहे. सकाळी सहा ते दहा पहिला क्वार्टर. त्या वेळात दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची असेल तर ती लालच. दुपारी गॅसवाल्यासाठी दारावर लावलेली चिठ्ठी निळी. एकदा दुपारी त्यांच्या दारावर लाल चिठ्ठी दिसली म्हणून शहाबेन घाबरून वर माझ्याकडे आल्या, की काकांना काहीतरी झालंय. झालं एवढंच होतं, की निळं पेन संपलं होतं आणि ते आणायला गेले होते.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या नावावर डायरीत फाऊल असतात. जिन्यात चपला ठेवल्या, एक फाऊल. बोलताना मध्ये तोडलं, एक फाऊल. पाच झाले की तो माणूस बाहेर, म्हणजे त्या दिवसापुरता काका त्याच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी मॅच. माझे आजवर तीनच्या वर कधी गेलेले नाहीत, पण त्यांच्या मते माझ्यावर एक कायमचा टेक्निकल फाऊल आहे, तो म्हणजे माझं माहेर मुलुंड. मुलुंड दुसऱ्या विभागात येतं. यंदा आमच्या गोरेगावला ज्यांनी हरवलं तो संघ मुलुंडचाच होता. त्यानंतर काका दोन दिवस मला "या, मुलुंडवाल्या" म्हणत होते.

यात गंमत अशी, की त्यांच्या या पद्धती चालतात. गच्चीवर वाळवण घालण्यावरून ए विंग आणि बी विंग यांची दर एप्रिलला जुंपायची. मी वेळापत्रक केलं, कोणी पाळलं नाही. काकांनी पुठ्ठ्याचा लाल बाण कापून गच्चीच्या दारावर खिळ्याने लावला. बाण ज्या विंगकडे, त्या दिवशी गच्ची त्यांची. संध्याकाळी बाण फिरवायचा. बास्केटबॉलच्या टेबलावर बॉल कोणाचा हे ठरवायला असाच बाण असतो म्हणे. चार उन्हाळे झाले, एक पापड भांडणात फुटलेला नाही. माझं वेळापत्रक अजून फाईलला आहे.

त्यांचं एक वाक्य बिल्डिंगमध्ये पोरंसोरंसुद्धा म्हणतात: "तोंडाने नको, शीटवर दाखव." पाणी कमी येतं म्हणालात, की शीटवर दाखव. जावई चांगला आहे म्हणालात, तरी शीटवर दाखव. फक्त एका बाबतीत ते स्वतः शीट दाखवत नसत. ती बाब म्हणजे आमचा विभाग भारी आहे. त्याला पुरावा विचारला की ते म्हणायचे, "विभाग कठीण आहे. पोरी आपापसात खेळूनच दमतात. मग पुढे जाऊन हरतात. दमलेल्याला कोणीही हरवील."

पाटकरांना हे सहन व्हायचं नाही. ते कॉम्प्युटरवर आकड्यांचंच काम करतात आणि त्यांचा मोठा भाऊ कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचा, त्यामुळे त्यांना दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे. पाचवा संघ हरला त्या संध्याकाळी ते ऑफिसातून आले तेव्हा काका बोर्डाशी उभे होते. मी पत्रपेटी उघडत होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"काका, राग मानू नका," पाटकर म्हणाले, "पण तुमचा झोन ओव्हररेटेड आहे."

आता इथे एक खुलासा. धुरीकाका मॅचला ज्या खुर्चीवर बसतात तिच्या उजव्या हाताला टेबलाचा भोंगा असतो. इतकी वर्षं तो कानात वाजून त्यांचा उजवा कान अर्ध्यावर आला आहे. आणि पाटकर उजवीकडे उभे होते. शिवाय आमच्या लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की एक बाई इंग्रजीत 'ओव्हरलोडेड' म्हणते आणि दार मिटत नाही, हे सगळ्यांच्या रोजच्या सवयीचं.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पाटकरांचा हातच धरला.

"आता कसं बोललास. नऊ वर्षं मी दुसरं काय सांगतोय? ओव्हरलोडेड. पाच-पाच चांगले संघ एका विभागात कोंबल्यावर लिफ्ट वर जाईल कशी?"

पाटकरांनी दोनदा समजावायचा प्रयत्न केला. काका प्रत्येक वेळी मान डोलावून "अगदी, अगदी" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पहिल्या क्रमांकापुढे कंसात लिहिलेलं होतं: ओव्हरलोडेड विभाग, मत: श्री. नितीन पाटकर. पाटकरांच्या ऑफिसातले एक गृहस्थ आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात. त्यांनी त्या कागदाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. म्हणून ती तक्रार.

तर ती मीटिंग. मी ठराव मांडला, की पाटकरांचं नाव काढावं आणि अर्धा बोर्ड काकांकडे तसाच राहावा. शहाबेन उघड्या डोळ्याने मला बघून म्हणाल्या की काकांचा कागद काढला तर तळमजल्यावर वाचायला उरतं काय, तुमची टाकीची नोटीस? ठराव मंजूर. मी वही मिटत होते तेवढ्यात काकांनी खिशातून घडी घातलेलं एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

स्पर्धा समितीचं पत्र होतं. प्रत्येक विभागातून चार संघ अंतिम स्पर्धेला जातात. आमच्या विभागाला यंदा पहिल्यांदा पाचवी जागा मिळाली होती, आणि ती मिळवली होती धुरीकाकांनी. सहा वर्षं त्यांनी पत्रं लिहिली होती. त्यातली चार मीच टाइप केली होती. सातव्या वर्षी जागा मिळाली तेव्हा बिल्डिंगच्या प्रत्येक दारात जिलेबी गेली होती, पाटकरांच्यासुद्धा. आता समितीने लिहिलं होतं, की यंदाचे निकाल पाहता पाचवी जागा काढण्याचा विचार आहे, म्हणणं असल्यास वीस तारखेपर्यंत लेखी द्यावं.

"बाई," काका म्हणाले, "पत्र पाहिजे. तुमचं ते मुद्देसूद."

पाटकर खुर्ची सरकवत उठले होते. ते परत बसले. त्यांनी काही टोमणा मारला नाही, ते नोंदवून ठेवते.

दोन दिवसांनी मी लॅपटॉप घेऊन काकांच्या घरी गेले. मी सतरा वर्षं सेक्रेटरी आहे आणि त्यांच्या दारापर्यंत शंभरदा गेलेय, पण आत बसले ती त्या दिवशी पहिल्यांदाच. स्वच्छ घर. एक कॉट, एक टेबल, दोन खुर्च्या. काकांनी चहा ठेवला आणि मग "आलोच" म्हणून बाहेर पडले. पाच मिनिटांनी परत आले ते हातात कपबशी घेऊन.

"आमच्याकडे कप एकच. दुसरा पाटकरांकडे असतो."

मला कळेना. तेव्हा समजलं की काकांनी लग्न केलेलं नाही, भाऊ गावी कुडाळला असतो, आणि पाहुण्यांसाठीचा दुसरा कप वापरात राहावा म्हणून त्यांनी तो पाटकरांच्या घरी देऊन टाकला आहे. पाहुणा आला की तिसऱ्या मजल्यावरून आणतात. पाटकर घरी नसले तर त्यांच्या मिसेस देतात. माझ्यासाठी आणलेल्या कपावर आत चहाचा ताजा डाग होता; पाटकर त्यातूनच पीत असणार.

मी कामाला लागले. पाच संघ, पाच ओळी. कोण कोणाशी खेळलं, किती फरकाने हरलं, कुठल्या क्वार्टरपर्यंत टिकलं. माझा अनुभव असा, की यादी नीट केली की अर्धं पत्र आपोआप लिहून होतं. इथे उलट झालं. यादी जितकी नीट होत गेली तितकं आमचं म्हणणं खचत गेलं. सगळ्यांत जवळची हार कांदिवलीची, तीही चौदा पॉइंटांनी. आणि पाचवा, दहिसरचा संघ, ज्याच्या जागेसाठी हे सगळं चाललं होतं, तो तर अर्ध्या वेळेलाच संपला होता.

पण मी व्यवहारी बाई आहे. समितीला जे कारण चालतं ते द्यायचं. मी दणदणीत पत्र लिहिलं. "आमचा विभाग मुंबईतील सर्वांत कठीण विभाग असून येथील संघ साखळी सामन्यांतच इतके झुंजतात की..." वगैरे. प्रिंट काढून आणला, सहीची जागा दाखवली.

काकांनी चष्मा लावून वाचलं. निळं पेन काढलं. कागदावर धरलं. मग पेनाचं टोपण परत लावलं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

मला हसावं की चिडावं कळेना. मी म्हटलं, काका, नऊ वर्षं तुम्ही हेच बोलताय. बोर्डावर लावताय. पाटकरांना ऐकवताय.

"बोलतो. तोंडान बोलण्याक काय जाता?" काकांचं मालवणी सुरू झालं की समजावं, की आता ते घरातलं बोलतायत. "सही केली की ती शीट झाली, बाई. मी आजवर शीटवर चुकीचो आकडो लिवूक नाय. माका काय कळना नाय? मी टेबलावर बसतंय. आमच्या पोरी पयल्या पाच मिनटांत हरतत, ता सगळ्यांच्या आधी माका कळता, कारण लिवक मीच असतंय."

"मग पाचवी जागा कशाला पाहिजे?"

काका बोटांवर मोजल्यासारखं म्हणाले, "एक संघ म्हणजे बारा पोरी."

आणि मग त्यांनी सांगितलं. आमच्या बाजूच्या कॉलेजांत सगळ्या मुली सिमेंटवर खेळतात. पडल्या की गुडघे फुटतात. अंतिम स्पर्धा शहरातल्या हॉलमध्ये असते, तिथे लाकडी फरशी. आत शिरताना माइकवरून एकेकीचं नाव घेतात. दहिसरच्या मुलींची नावं पुकारली तेव्हा त्यातली एक जागेवरच उभी राहिली, कारण आपलं आडनाव एवढ्या मोठ्याने तिने कधी ऐकलं नव्हतं. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्या बाराजणी बूट घासून फरशीचा आवाज काढून बघत होत्या. काकांनी पेन हातात धरून ते बघितलं. नंतर अडतीस पॉइंटांची हार लिहिली.

"त्या आवाजाचो कॉलम शीटमदी नसता," ते म्हणाले, आणि लगेच मराठीवर परत आले, "म्हणून मी म्हणतो विभाग भारी. भारी म्हटल्याशिवाय कोण देतं जागा?"

मी म्हटलं, हेच लिहू. ते म्हणाले, असलं कारण चालतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही, माझ्या फाईलला असं पत्र नाही. पण तुम्ही सही कराल असं हे एकच आहे.

पत्र चार ओळींचं झालं. आमचा विभाग सर्वांत भारी आहे असं मी नऊ वर्षं म्हणत आलो. यंदाच्या शीट तसं म्हणत नाहीत. पण पाचवा संघ म्हणजे बारा मुली, ज्या लाकडी फरशीवर पहिल्यांदा खेळल्या. जागा काढायची झाल्यास पुढच्या वर्षीच्या त्या बारा मुलींना तसं कोणी सांगायचं ते समितीने कळवावं, मला सांगायला लावू नये. शेवटचं वाक्य मी खोडा म्हटलं, जरा उद्धट वाटतं. काकांनी तेवढ्यावरच हट्ट धरला. सही निळ्या शाईत झाली, कारण दुपार होती.

निघताना दारामागच्या खिळ्याला चाप लावून अडकवलेले पिवळे कागद दिसले. चार होते. मला वाटलं कसल्या पावत्या आहेत. यादी करणाऱ्या माणसाला असं काही दिसलं की विचारल्याशिवाय राहवत नाही.

स्कोअरशीटच्या चार प्रती निघतात. वरच्या दोन स्पर्धा भरवणाऱ्यांच्या, गुलाबी जिंकणाऱ्या संघाची आणि सगळ्यांत खालची, सगळ्यांत फिकी उठणारी पिवळी, हरणाऱ्यांची. जिंकलेले गुलाबी कागदासाठी टेबलावर गर्दी करतात, फोटो काढतात. पिवळा कागद घ्यायला कोणी येत नाही. हरलेल्या मुली बॅगा उचलून निघून गेलेल्या असतात. तो कागद खरं तर कचऱ्यात जायचा. धुरीकाका तो घरी आणतात, फिके आकडे पुन्हा गिरवतात, आणि एकेका रविवारी त्या-त्या कॅप्टनच्या घरी नेऊन देतात. कांदिवलीचा देऊन झाला होता. चार राहिले होते. असं किती वर्षं चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाले, मोजलेलं नाही. ज्या माणसाने माझ्या फाऊलचा हिशेब ठेवलाय तो हे म्हणाला.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जोगेश्वरीला गेले. कशाला गेले ते सांगता येणार नाही. घरी सांगितलं की गुंफा बघायच्या राहिल्यात. गुंफांच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. कॅप्टनचं नाव स्नेहल. दार तिनेच उघडलं, काकांना बघितलं, पिवळा कागद बघितला आणि कपाळाला हात लावला.

"काका, बत्तीसने हरलोय. हे काय फ्रेम करून लावू?"

"आधी बघ तरी."

"बघायचं काय त्यात? वाट लागली होती आमची."

काका चप्पल काढून आत जाऊन बसले, कागद जमिनीवर पसरला आणि चष्म्याच्या दांडीने चौथा क्वार्टर दाखवला. "हे निळं बघ. शेवटची दहा मिनिटं. अकरा-नऊ. चौथा क्वार्टर तुम्ही जिंकलात."

स्नेहल वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "तेव्हा त्यांनी बेंचवरच्या पोरी खेळवल्या होत्या."

"बेंच असं लिहिलंय कुठे?"

"नाही, पण..."

"तोंडाने नको. शीटवर दाखव."

ती हसली. मग तिने त्या अकरा पॉइंटांतला कुठला कोणी केला ते बोट ठेवून ठेवून वाचलं. चार तिचे होते. म्हणजे दोन बास्केट. एक तिच्या लक्षात होती, दुसरी नव्हती. तिची आई आतून कांदा चिरता चिरता ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मला तर ही म्हणाली की एक पण बास्केट नाही झाली." आणि मग चहा, चहाबरोबर पोहे, पोह्यांबरोबर स्नेहलच्या पायाचं दुखणं, तिच्या मावशीचं लग्न, नळाला पाणी किती वाजता येतं. मी घड्याळ बघत होते. काकांनी तासाभरात एकदाही बघितलं नाही. त्या घरात सहा कप होते. काका तिसऱ्यांदा चहा घेताना मी ते मोजले.

वीस तारखेच्या आत पत्र पोचलं. तोवर बोर्डावर एक प्रकार झाला. पत्रावर सही केल्यानंतर काकांनी स्वतःहून नवा कागद लावला. चौथा क्रमांक: जोगेश्वरी ते दहिसर. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी पाय मोडल्यासारखी शांतता पसरली. शहाबेनने मला खाली बोलावून विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे पाटकरांची दुसरी लेखी तक्रार आली. सदर फलकावरील माहिती असत्य आहे. पाटकरांनी दोन रात्री आकडेमोड करून सिद्ध केलं होतं, की आमचा विभाग चौथा नसून तिसरा आहे. दक्षिणेकडचा विभाग फरकाच्या हिशेबाने आपल्या खाली येतो. त्यांनी तक्ता जोडला होता, रंगीत. मी दोघांना लिफ्टपाशी समोरासमोर आणलं. काका डावा कान पुढे करून ऐकत राहिले, तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे. पण हे माझ्या हातून नको. तू लिही." त्यांनी लाल पेन पुढे केलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

पाटकरांनी चौथ्याचा तिसरा केला. अक्षर वाईट आहे, पण कागद अजून तोच आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीचं उत्तर आलं. पाचवी जागा पुढच्या हंगामापुरती ठेवण्यात येत आहे, त्यानंतर पुन्हा विचार होईल. उत्तर दीड ओळीचं होतं. कारण दिलेलं नव्हतं. पाटकर ऑफिसातून आल्या आल्या तळमजल्यावर थांबले आणि म्हणाले, "काका, जिंकलात."

"जिंकलो कुठे? ओव्हरटाइम मिळाला," काका म्हणाले. पण पुन्हा जिलेबी आलीच, आणि या वेळी ती पाटकरांनी आणली होती.

तोपर्यंत गोरेगावचा आणि बोरिवलीचा पिवळा कागद देऊन झाला होता. दहिसरचा काकांनी मुद्दाम मागे ठेवला होता; जागा राहिल्याची बातमी त्याच्याबरोबर द्यायची होती. कॅप्टनचं नाव मयूरी. मी कॉलेजातून तिचा नंबर मिळवला आणि फोन करून बघू म्हटलं. काका म्हणाले, फोनवरून कागद देता येतो का? म्हणून काल, रविवारी, आम्ही न कळवता दहिसरला गेलो. नदीच्या अलीकडची चाळ, शेवटून दुसरी खोली.

कुलूप.

शेजारच्या बाईंनी सांगितलं, सगळी मंडळी लग्नाला साताऱ्याकडे गेलीत, गुरुवारपर्यंत येतील. मी पर्समधून यादी काढली होती. बाईंनी हात पुढे केला. म्हणाल्या, "द्या माझ्याकडे, मयूरी आली की पहिलं तेच देते." चांगल्या विश्वासू बाई दिसत होत्या. मी एकटी असते तर दिला असता आणि यादीवर टिक करून मोकळी झाले असते.

काकांनी कागद पिशवीत परत ठेवला. "नको, नको. समक्षच देतो."

मग बाईंनी बसा म्हटलं. काका बसले. मयूरी लहानपणी कशी होती, चाळ पाडून टॉवर कधी होणार, या वर्षी नदीला गाळ किती, सगळं ऐकलं. चहा झाला. पाऊण तासाने उठलो. चेक नाक्यापर्यंत चालत आलो, रिक्षा मिळेना, ऊन लागत होतं. कागद दिला गेला नव्हता, अर्धा दिवस गेला होता आणि माणूस एखाद्या लग्नाहून जेवून आल्यासारखा दिसत होता.

"म्हणजे पुढच्या रविवारी परत येवक लागतला," काका म्हणाले. मग थोडं चालून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, "तुम्ही येणार ना?"

मी म्हटलं, रविवारी टाकी धुवायची आहे, नोटीससुद्धा लागली आहे. ते लगेच म्हणाले, हो हो, टाकी महत्त्वाची.

आज सकाळी नोटीस बदलली. टाकीवाल्याला शनिवारी बोलावलंय. दहिसरचा पिवळा कागद समक्ष द्यायचा राहिला आहे.